गार्डला फसवा, खेळणाऱ्याला नको

ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे इथल्या, नोकरी-कॉलेज सांभाळून रात्री जागून स्वतःचा गेम बनवणाऱ्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एका टोळीचा डेमो मला ऐरोलीला भाच्याच्या घरी खेळायला मिळाला. एमआयडीसीतलं गोदाम, रात्रपाळीचे गार्ड, आत एक फाइल. ती उचलायची आणि कुणाच्या नजरेस न पडता कुंपणाबाहेर यायचं. माझं पोट सॉफ्टवेअर टेस्टिंगवर चालतं, त्यामुळे भाच्याने हक्काने सांगितलं, "मामा, बग काढून दे." बग काढले, शीटमध्ये भरले, पाठवले. पण एका गोष्टीवरून आमची चांगलीच जुंपली, आणि ती शीटच्या रकान्यात मावणारी नव्हती. असे डेमो बनवणारे आता बरेच झालेत, म्हणून ती सगळ्यांपुढेच मांडतो.

गोदामाच्या मागच्या दाराशी मी बराच वेळ थांबलो होतो. खिडकीतून आत बघितलं, कुणी नाही. कान दिला, पावलं वाजत नाहीत. दार ढकललं आणि समोर गार्ड. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. मग उलगडलं की तो गार्ड आधी तिथे नसतोच, दार उघडलं की तयार होतो. भाचा म्हणाला, "ते चॅलेंजसाठी टाकलंय, नाहीतर फार सोपं जातं." मी म्हटलं, अरे, लपाछपीत राज्य असलेल्याने बोटांच्या फटीतून बघावं, तसं आहे हे. अवघड कर ना, पण लबाडी कशाला?

ही लबाडी तुमची स्वतःची नाही म्हणा. ती जुनी आहे आणि एका फार लाडक्या गेमने ती आमच्या पिढीच्या गळी उतरवली. 'प्रोजेक्ट आयजीआय' हे त्या बंदुकीच्या आणि चोरपावलांच्या गेमचं नाव घरातल्या मोठ्या भावंडांसमोर काढून बघा, चेहरे उजळतील. ऑस्लोच्या इनरलूप स्टुडिओजने बनवलेला, आयडॉसने डिसेंबर २००० मध्ये विकायला काढलेला. विकायला काढलेला असं म्हणायचं एवढंच. ठाण्यात तो कुणी दुकानातून रीतसर विकत घेतल्याचं मला तरी आठवत नाही. मार्करने नाव लिहिलेली सीडी हातोहात फिरायची आणि नौपाड्यापासून स्टेशनपर्यंत जिथे म्हणून सायबर कॅफे होता, तिथल्या निम्म्या पीसींवर गेमचा नायक डेव्हिड जोन्स कुठल्यातरी कुंपणाशी वाकून बसलेला असायचा.

त्या गेममधलं उचलण्यासारखं काय आणि टाकून देण्यासारखं काय, हे तुम्ही नीट बघावं असं मला फार वाटतं. कारण आमच्या पिढीने त्याचं फक्त कौतुक केलं, आणि तुमची पिढी त्याचे ग्राफिक्स बघून हसते.

पहिल्याच मिशनमध्ये तुम्ही एका टेकाडावर उभे असता. खाली लष्करी तळ पसरलेला. टेहळणीचे मनोरे, तारेचं कुंपण, पत्र्याच्या शेड, रुळांवर उभे डबे. बंदुकीला हात लावायच्या आधी तुम्ही दुर्बीण काढता. मनोऱ्यावर माणूस आहे का? तो कुठे तोंड करून उभा आहे? कॅमेरा कुठल्या भिंतीवर आहे आणि तो वळून परत यायला किती वेळ घेतो? मग नकाशाचा संगणक उघडायचा. त्यात उपग्रहातून दिसावा तसा सगळा तळ वरून दिसतो. कॅफेत आम्ही शेजारच्या पीसीवरच्या मित्राशी हुज्जत घालायचो की डावीकडून शिरायचं का मागून. गोळी एकही सुटलेली नाही आणि दहा मिनिटं गेलेली असायची. ही दहा मिनिटं म्हणजे त्या गेमचा खरा ऐवज होता.

हे जमलं कसं, तेही सांगतो, कारण त्यात तुमच्या कामाचं काहीतरी आहे. इनरलूपने त्याआधी 'जॉइंट स्ट्राइक फायटर' नावाचा लढाऊ विमानाचा गेम केला होता. विमानातून बघायचं तर मैलोनमैल जमीन दिसावी लागते. तेच इंजिन, म्हणजे गेम ज्यावर चालतो तो सॉफ्टवेअरचा सांगाडा, त्यांनी पायी चालणाऱ्या माणसाच्या हाती दिलं. त्या काळातले बहुतेक बंदूकवाले गेम एका बोळातून दुसऱ्या बोळात नेत. इथे एकदम मोकळं माळरान, लांबवर डोंगर, आणि दूरची इमारत ही नुसती रंगवलेली नसून खरोखर चालत गाठता येणारी. छोट्या स्टुडिओकडे जे आधीच होतं, त्यातूनच त्यांनी गेमचा स्वभाव ठरवला. तुमच्याकडे पैसा नाही, माणसं नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण जे आहे त्याकडे असं वळून बघितलंत का?

तुमचं गोदाम दिघ्याच्या बाजूला आहे असं बोर्डावरून दिसतं. मग खेळणाऱ्याला थेट गेटवर का सोडता? पारसिकच्या डोंगरावर उभा करा की. खाली शेड, पाइपलाइन, पलीकडे रेल्वे, त्यापलीकडे खाडी. त्याला आधी जागा कळू दे. ज्या जागेत शिरायचंय ती बाहेरून पाठ झाली की आत शिरताना पोटात गोळा येतो. अनोळखी खोलीत अचानक कुणी अंगावर आलं तर माणूस दचकतो, बस. दचकणं फुकटात मिळतं.

आता दोष. सगळ्यात जास्त शिव्या खाल्ल्या त्या सेव्ह नसण्याने. आयजीआयमध्ये मिशन सुरू झालं की मधे कुठेही सेव्ह करता येत नाही. मिशनं चौदा, आणि त्यातली काही इतकी लांबलचक की शेवटच्या दारापाशी गोळी लागली तर पुन्हा त्या टेकाडावरून सुरुवात. घरी बसून खेळणाऱ्याला हा नुसता वैताग होता. आम्ही तासाचे पैसे भरून खेळायचो. काउंटरवरून "चार नंबर, टाइम झाला" अशी हाक यायची तेव्हा बहुधा शेवटच्या इमारतीचं शिडीचं टोक हातात आलेलं असायचं. आणि आयजीआयमध्ये शिडी चढताना कॅमेरा पाठीमागे जाऊन जोन्स बाहेरून दिसायचा, इतका सावकाश चढायचा की मालक तोवर मॉनिटर बंद करून मोकळा.

तरीही मी सेव्ह नसण्याच्या बाजूने थोडंफार बोलेन. सेव्ह नाही म्हटल्यावर प्रत्येक कोपरा जपून ओलांडावा लागतो. चूक महाग असली की शांत बसण्याला अर्थ येतो. दर पाच पावलांवर सेव्ह करून चुकेल तिथून पुन्हा मागे येणारा माणूस चोरपावलांचा गेम खेळतच नाही, तो गणिताच्या पुस्तकाची उत्तरं मागे उलटून बघतोय. तेव्हा हा दोष असला तरी त्याच्या पोटात एक गुण होता.

खरी फसगत दुसरीकडे होती. अलार्म वाजला की बराकींच्या दारातून गार्ड यायचे. मारले की आणखी यायचे. तुम्ही आधी आत जाऊन बघून आलेलं असायचं की ती खोली रिकामी आहे, आणि तरी त्याच दारातून माणसं बाहेर पडत राहायची. टेकाडावर बसून मोजलेली डोकी, ठरवलेली वाट, सगळं मातीत. ज्या गेमने तुम्हाला दहा मिनिटं निरीक्षण करायला लावलं, तोच सांगतोय की तुमच्या निरीक्षणाला किंमत नाही. सेव्ह नसणं आणि हे, दोन्ही एकत्र आलं की खेळणारा कीबोर्डवर हात आपटतो. तुम्हाला वाटतं तो हरला म्हणून चिडला. तो फसवला गेला म्हणून चिडलेला असतो.

गार्डांच्या डोक्याबद्दल तर बोलायलाच नको. शेजारचा जोडीदार धाडकन पडतो आणि हा पुढच्याच क्षणी जांभई देत उभा. तेच मनोऱ्यावरचा नेमबाज मात्र अर्ध्या मैलावरून तुमचं कपाळ हेरतो. आंधळा आणि गरुड एकाच खात्यात नोकरीला. यातलं कुठलंही एक मी चालवून घेईन. दोन्ही एकाच तळावर असले की नियम काय हेच कळेनासं होतं, आणि नियम कळले नाहीत तर लपायचं कुणापासून?

२००३ मध्ये दुसरा भाग आला. त्यात मोजके सेव्ह दिले, एकमेकांशी खेळायची सोय दिली. लोकांनी मागितलं ते दिलं. पहिल्या भागाइतका तो ठाण्याच्या कॅफेंत कधी रुजला नाही, निदान मी जिथे बसायचो तिथे तरी. इनरलूप त्याच वर्षी बंद पडलं.

लपण्याचे नियम उघड कसे ठेवायचे, याचं उत्तर आयजीआयच्याही आधी, १९९८ मध्ये, दोन गेमांनी दोन तऱ्हांनी देऊन ठेवलं होतं. 'थीफ'मध्ये पडद्याच्या खाली एक रत्न असायचं. तुम्ही उजेडात असलात की ते उजळतं, अंधारात गेलात की काळवंडतं. फरशीवरून चाललात तर पावलं वाजतात, गालिच्यावरून नाही. 'कमांडोज'मध्ये जर्मन शिपायाची नजर जमिनीवर हिरवी रंगवून दाखवता येते, आणि तिचेही दोन भाग: जवळच्या भागात सरपटलात तरी दिसता, लांबच्या भागात सरपटत गेलात तर सुटता. किती साधं आणि किती सचोटीचं! पकडले गेलात तर चूक कुणाची याबद्दल वादच नाही. तुमच्या डेमोतही तसाच नजरेचा त्रिकोण आहे. चांगला आहे. पण त्रिकोणाबाहेर उभा असताना मी दोनदा पकडला गेलो. ते शीटमध्ये लाल रंगात आहे, आधी ते सोडवा.

आता तुमच्या ओळखीच्या गेमकडे येतो, कारण भाच्याच्या लॅपटॉपवर आमची दुसरी जुंपी त्यावरूनच झाली. कोपनहेगनच्या आयओ इंटरॅक्टिव्हचा 'हिटमॅन २', नोव्हेंबर २०१८ चा. त्यात तुम्ही भाडोत्री मारेकरी असता. त्यात एक अख्खी लेव्हल मुंबईची. तीन सावजं, त्यातल्या एकाचा चेहराच कुणाला माहीत नाही. गर्दीत तो ओळखण्यापासून सुरुवात. नाव वझीर काळे. (वझीर हे नाव आणि काळे हे आडनाव एकत्र कुठल्या घरात सापडलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.) चाळ, धोबीघाट, रेल्वेचं यार्ड, बिल्डरचा अर्धवट चकचकीत टॉवर. आपल्याकडचं गेममध्ये आलं की आपण आधी खुश होतो, मग चुका काढायला बसतो. मीही तेच केलं. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर ती लेव्हल गेम म्हणून पक्की आहे.

तिथे अंधार कामाचा नाही, कपडे कामाचे आहेत. धोब्याचे कपडे घातले की धोब्यांच्या आवारात कुणी विचारत नाही. न्हाव्याच्या दुकानात न्हावी होऊन उभे राहिलात तर सावज स्वतः येऊन खुर्चीत मान मागे टाकून बसतं, दाढी करून घ्यायला. चित्रकार होऊन टॉवरमध्ये जाता येतं, शिंपी होऊन माप घेता येतं. हत्यारापेक्षा गणवेश मोठा. चोरपावलांच्या गेमांत याहून हुशार कल्पना मला माहीत नाही.

आणि ही कल्पना आपल्या इथे किती खरी आहे बघा. घोडबंदर रोडच्या कुठल्याही मोठ्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर संध्याकाळी अर्धा तास उभे राहा. पाठीला डिलिव्हरीची चौकोनी बॅग आणि हातात फोन असला की वॉचमन मान वर करत नाही, फार तर फ्लॅट नंबर विचारतो. मी माझ्या मित्राकडे साध्या शर्टात गेलो तर नाव, नंबर, गाडी, कुणाकडे, फोटो. घरकाम करणाऱ्या बायकांना वेगळं कार्ड आणि वेगळी लिफ्ट. लिफ्टमध्ये भेटलेल्या त्याच बाईंचा चेहरा दहाव्या मजल्यावरच्या कुणाला सांगता येणार नाही. ज्यांच्याकडे कुणी बघत नाही अशी माणसं आपल्याकडे गेटोगेटी आहेत. कोपनहेगनच्या लोकांनी हे बरोबर हेरलं. आपण इथे राहून ते वापरत नाही, आपण गोदामात टॉर्चवाले गार्ड फिरवतो.

तुम्हाला जे आवडतं, तेच मला तिथे खटकलं. ज्यांना तुमचा वेश ओळखता येतो, त्यांच्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसतो. ठीक, नियम उघड आहे, लबाडी नाही. पण एक बटण दाबलं की भिंतीआडची माणसंही चमकायला लागतात, सावज लाल होऊन. मग दुर्बीण कशाला, टेकाड कशाला? आयजीआयने निरीक्षण करायला लावून त्याची किंमत शून्य केली. हिटमॅनने निरीक्षणच करू दिलं नाही, उत्तर हातात ठेवलं. ते बटण न वापरता खेळता येतं हे मान्य, आणि तसं खेळणारे आहेतही. पण समोर ठेवलेला लाडू कोण सोडतं. नाणं फेकण्याचंही तेच. नाणं टणकन पडलं की हातातलं काम टाकून माणूस बघायला जातो, आणि पुन्हा फेकलं की पुन्हा जातो. ठाणे स्टेशनच्या पाच नंबरवर नाणं पडलं तर एक माणूस त्यावर पाय ठेवेल आणि बाकीचे गाडी पकडतील.

गंमत म्हणजे याच हिटमॅनमध्ये एक बग होता. फेकलेली ब्रीफकेस हवेत तरंगत, वळणं घेत, माणसाच्या मागे मागे जायची, अगदी सावकाश. लोक इतके हसले की कंपनीने पुढे मुद्दाम तशीच ब्रीफकेस खेळणाऱ्यांना देऊन टाकली. मी टेस्टर असूनही म्हणतो, प्रत्येक बग मारायचा नसतो. तुमच्या डेमोतली जी मांजर भिंतीतून आरपार जाते, ती राहू द्या.

पण हिटमॅनच्या मुंबईत एक मोठी उणीव आहे, आणि इथे खरं तुमचं काम सुरू होतं. त्या चाळीत मला कुणी विचारलंच नाही, "कुणाकडे?"

आमच्या कोपरीच्या जुन्या बिल्डिंगमध्ये अजून लिफ्ट नाही. गॅलरीत दुपारी एखादी काकू मेथी निवडत बसलेली असते. खाली अनोळखी माणूस आला की हात थांबत नाहीत, फक्त नजर उचलते. "कुणाकडे?" तो म्हणतो, "पाटलांकडे." "कुठले पाटील? दुसऱ्या मजल्यावरचे गावाला गेलेत." आता त्याला एकच क्षण आहे. म्हणाला की नाही, तिसऱ्या मजल्यावरचे, तर काकू वरच हाक मारणार, "अहो सुमनताई, तुमच्याकडे कुणी आलंय." म्हणाला की मग नंतर येतो, तर परत येईल तेव्हा काकू एकटी नसेल. कुरिअरची बॅग असली तरी सुटका नाही. पार्सल कुणाचं, किती मोठं, पैसे द्यायचेत का, सगळं विचारून होईल.

ही काकू कुठल्याही गेममध्ये नाही. गेममधला गार्ड तुम्हाला बघतो, शोधतो, दोन मिनिटांनी विसरून पुन्हा फेरीला लागतो. काकू विसरत नाही. तिला आठवड्यानंतरही शर्टाचा रंग आठवतो. तिच्यापासून लपून चालत नाही, लपलेला दिसलात तर जास्तच फसाल. तिच्याशी बोलावं लागतं, आणि खोटं बोलायचं तर खरी माहिती लागते: या मजल्यावर कोण राहतं, कोण गावाला गेलंय, कुणाचं कुणाशी पटत नाही. म्हणजे टेकाडावरची दुर्बीण इथे कानात आली. नोटिस बोर्ड वाचा, इस्त्रीवाल्याकडे थोडं थांबा, खालच्या दुकानात दूध घेताना ऐका. मग जिना चढा. नियम पहिल्या पाच मिनिटांत कळतील असे ठेवा: काकू काय ऐकते, कुणाला सांगते, बातमी वरच्या मजल्यावर पोचायला किती वेळ लागतो. अवघड करा वाटेल तेवढं. पण तिसऱ्या मजल्यावर आधी नसलेला माणूस हवेतून काढू नका.

आणि फाइल गोदामात कशाला? रिडेव्हलपमेंटचे कागद ठेवा सेक्रेटरीच्या कपाटात. त्यासाठी अर्धं ठाणं जीव टाकेल. खून नको, बंदूक नको, मिशन हरल्याचा लाल पडदाही नको. पकडले गेलात तर खाली खुर्च्या मांडून मीटिंग बसेल आणि तुम्हाला उत्तरं द्यावी लागतील. सेव्ह म्हणाल तर दिवस संपला की एकदा, आपोआप. मधे नाही.

लोक विचारतील, असला गेम कोण घेणार. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये 'राजी' काढला, तेव्हाही आपल्याकडच्या गोष्टीवरचा गेम बाहेर कोण खेळणार असं विचारणारे होतेच.

पुढचा बिल्ड, म्हणजे गेमची पुढची आवृत्ती, माझ्याकडे जरूर पाठवा, रविवारी पाठवलात तर बरं. त्यात मिनिमॅप, म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातला छोटा नकाशा, बंद ठेवा, पावलांचे आवाज फरशीचे आणि पत्र्याचे वेगळे करा, आणि गार्डांच्या फेऱ्यांचा कागद मला आधी देऊ नका. गॅलरीतल्या काकूंचे संवाद बोलायला माझी आई तयार आहे. मानधन नको म्हणते, फक्त दुपारी दोन ते चार रेकॉर्डिंग ठेवायचं नाही, आणि सेक्रेटरीच्या कपाटात नक्की कुठले कागद आहेत ते तिला आधी सांगावं लागेल.

आपला,
कोपरी, ठाणे पूर्व इथला एक टेस्टर